‘सांगत्ये ऐका’ : आत्मचरित्र हा प्राथमिक स्रोत असतो का?

पेट किंवा सेटची तयारी करताना तुम्ही एक वाक्य हमखास पाठ केलेलं असतं. आत्मचरित्र, पत्रं, रोजनिशी हे प्राथमिक स्रोत. चरित्र, समीक्षा, पाठ्यपुस्तकं हे दुय्यम स्रोत. चार पर्यायांतून एक निवडायला एवढं पुरतं. पण खरंच एखादं आत्मचरित्र हातात घेऊन बसलात, की पहिल्या दहा पानांतच हे वाक्य डगमगायला लागतं. आज ते एका पुस्तकाच्या आधाराने करून बघू. पुस्तक आहे हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’. राजहंस प्रकाशन, १९७०.

माझं संशोधन वनस्पतींवर चालतं, लोणावळ्याच्या आसपासच्या डोंगरांत. मग जुन्या सिनेमातली नटी इथे कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण सांगते. ‘लाडक्या नटाचं लपलेलं खासगी आयुष्य’ हा विषय आमच्या मावळात काही वर्षांपूर्वी चहाच्या टपरीपर्यंत आला होता, आणि त्या वेळी माणसं ज्या पद्धतीने निष्कर्ष काढत होती, ती पद्धत संशोधन शिकणाऱ्या कुणालाही अस्वस्थ करणारी होती.

जुलै २०२३. तळेगावजवळच्या आंबीमध्ये एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये रवींद्र महाजनी मृतावस्थेत सापडले. दार पोलिसांनी उघडलं, मृत्यू त्याआधी दोन-तीन दिवस झाला असावा असं सांगितलं गेलं. ‘झुंज’, ‘मुंबईचा फौजदार’, ‘देवता’ यांमधला तो देखणा नायक. आपल्या आईवडिलांच्या पिढीला त्याचं कौतुक किती होतं हे घरी विचारून बघा. आता एवढंच निरीक्षण म्हणून मांडता येतं: भाड्याचं घर, एकटे राहत होते, मृत्यू उशिरा कळला. त्यापुढे दोन दिवसांत जे सगळं बोललं-लिहिलं गेलं, कुटुंबावर आणि विशेषतः मुलावर जे निवाडे दिले गेले, त्याला या तीन वाक्यांपलीकडे काही आधार बहुतेकांकडे नव्हता.

एक साधी गोष्ट बघा. त्यांचं वय काही बातम्यांत ७४ होतं, काहींत ७७. जन्मसालासारखी सरकारी कागदावर असणारी गोष्ट ज्या बातम्यांना एकमुखाने सांगता येत नाही, त्याच बातम्यांच्या भरवशावर ‘शेवटची वर्षं एकाकी गेली’ हे वाक्य मात्र सगळीकडे सारखंच. ‘एकटे राहत होते’ हे निरीक्षण आहे. ‘एकाकी होते’ हे अनुमान आहे. मराठीत दोन्ही शब्द एकाच धातूचे असल्यामुळे घसरणं फार सोपं जातं, पण ही दोन वेगळी चलं आहेत आणि एकावरून दुसरं मोजता येत नाही. तळेगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात निवृत्तीनंतर, हवेसाठी, स्वस्त भाड्यासाठी एकटी राहणारी माणसं काही कमी नाहीत. त्यातल्या कुणाला एकटेपणा हवा होता, कुणाला सोसावा लागला, हे कुलुपाकडे बघून कळत नाही.

मग बातम्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी तुमच्यापैकी निम्मे जण आपल्या प्रबंधात करणार आहेत, म्हणून जरा थांबून सांगते. त्यांनी मालिका लावली. नलिनी जयवंत डिसेंबर २०१० मध्ये चेंबूरच्या आपल्या बंगल्यात गेल्या, तेही शेजाऱ्यांना नंतर कळलं. मग आणखी एखादं नाव. आणि खाली निष्कर्ष, की पडद्यावरच्या माणसांचा शेवट असाच होतो. आमच्याकडे हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, हाच घोटाळा असतो. खंडाळ्याच्या घाटातले जुने नमुने नकाशावर मांडले तर वाटतं की काही झाडं रस्त्याच्या कडेनेच उगवतात. झाडं सगळीकडे असतात हो, गोळा करणारा रस्त्याने चालत होता. जे नट घरच्या माणसांत, औषधपाण्यात, साधेपणाने गेले त्यांची बातमी दोन ओळींची असते आणि ती मालिकेत कधीच येत नाही. अंश समोर आहे, छेद गायब. अशा अपूर्णांकाला काय किंमत द्यायची?

पुढे माधवी महाजनींचं ‘चौथा अंक’ हे आत्मकथन आलं, आणि त्यातले निवडक तुकडे बातम्यांत फिरले. त्या पुस्तकाबद्दल मी इथे लिहिणार नाही. ज्यांचं आयुष्य अजून चालू आहे अशा माणसांच्या घरात ‘अभ्यास’ म्हणून डोकावायला मला संकोच वाटतो. शिवाय माझा मुद्दा जुन्या पुस्तकावर जास्त चांगला दाखवता येतो. रवींद्र महाजनी स्वतः काही सांगून गेले नाहीत, त्यांच्याबद्दल इतर बोलले. हंसा वाडकर मात्र स्वतः बोलल्या. भरपूर बोलल्या, छापून आलं, आणि तरीही गेली पन्नासहून जास्त वर्षं आपण त्यांच्या आयुष्याला ‘लपलेलं’ म्हणतो. गंमत इथे आहे.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३. घराणं कलावंतिणींच्या परंपरेतलं. शाळकरी वयात सिनेमात, १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’मधून. मग बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’, प्रभातचे ‘संत सखू’ (१९४१) आणि ‘रामशास्त्री’ (१९४४), शांतारामबापूंच्या राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ‘पुढचं पाऊल’ (१९५०), आणि अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), जो पुण्यात विजयानंदला सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या, वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. म्हणजे पुस्तक आल्यानंतर वर्षभरातच.

आता पुस्तकाकडे येऊ. पहिला प्रश्न, हे कुणी लिहिलं? कव्हरवर नाव हंसा वाडकरांचं. मजकूर आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आला आणि शब्दांकन अरुण साधूंचं. होय, ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’वाले साधू, पण तेव्हा ते तरुण पत्रकार होते. म्हणजे आपल्या हातात जे आहे ते बाईंनी लिहिलेलं नसून सांगितलेलं आहे. ते एका पंचविशीच्या आसपासच्या पुरुषाने ऐकलं, त्यातलं काही निवडलं, क्रम लावला, वाक्यं केली, आणि साप्ताहिकाच्या पानांत बसवलं. सामाजिक शास्त्रवाले याला मुलाखतीचा विदा म्हणतील. मग हा स्रोत प्राथमिक की दुय्यम?

माझं उत्तर असं, की हा प्रश्न या रूपात निरुपयोगी आहे. हर्बेरियमच्या प्रत्येक शीटवर खाली उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते: कुणी गोळा केलं, कधी, कुठे. चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे वाळलेला पाला. ‘सांगत्ये ऐका’ वाचताना ती चिठ्ठी सतत डोळ्यांसमोर ठेवायची. बाई सांगतायत, १९६० च्या दशकात, तरुण पत्रकाराला, वाचकांच्या साप्ताहिकासाठी. यातला प्रत्येक शब्द मजकुरावर परिणाम करतो. एखाद्या मैत्रिणीला रात्री सांगताना त्यांनी वेगळा क्रम लावला असता. त्याने मजकूर खोटा ठरत नाही, फक्त तो कशाचा पुरावा आहे ते नीट ठरतं.

आणि साधूंना श्रेय द्यायलाच हवं, कारण पुस्तकात बाईंचा सूर दबलेला वाटत नाही. वाक्यं छोटी आहेत. प्रसंग येतो, घडतो, संपतो, पुढचा प्रसंग. कोवळ्या वयातलं लग्न, नवऱ्याशी झालेली ओढाताण, इतर पुरुष, दारू, हे सगळं त्या सांगतात तेव्हा डोळे पुसत नाहीत आणि सफाईही देत नाहीत. मला त्यात एक उणीवही जाणवते. वेग इतका की ज्या जागी वाचकाला थांबायचं असतं तिथेही बाई पुढे निघून जातात. पण ती उणीव साधूंनी भरून काढली नाही हे बरंच झालं. भरली असती तर ती कादंबरी झाली असती.

शीर्षक बघा जरा. ‘सांगत्ये’ हे बोलीतलं, बाईच्या तोंडचं क्रियापद. आणि ‘ऐका’ ही आज्ञा. कुणी विचारलेलं नाही, तरी मी सांगणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात, असा तो पवित्रा आहे. २०१३ मध्ये झुबानने जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांचा इंग्रजी अनुवाद काढला, त्याचं नाव ‘यू आस्क, आय टेल’. तुम्ही विचारता, मी सांगते. अनुवाद झाला ही मोठी गोष्ट आहे, बाहेरच्या अभ्यासकांना पुस्तक त्यामुळेच मिळालं, पण हे शीर्षक मला पटत नाही. मराठीत जी बाई मंचावर उभी राहून प्रेक्षकांना गप्प करते, तीच इंग्रजीत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उत्तरं देताना दिसते. सत्ता इकडची तिकडे गेली. अनुवादित स्रोतावर काम करणाऱ्यांनी मूळ शीर्षक तरी शब्दकोश घेऊन एकदा वाचावं, ही माझी जुनी तक्रार आहे.

शीर्षकाबद्दल अजून एक. हे नाव त्यांच्याच १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटाचं. शांता हुबळीकरांनीही आपल्या आत्मचरित्राला ‘कशाला उद्याची बात’ हे नाव दिलं, प्रभातच्या ‘माणूस’मधल्या (१९३९) आपल्याच गाजलेल्या गाण्यावरून. याउलट दुर्गाबाईंचं ‘मी, दुर्गा खोटे’ आणि स्नेहप्रभा प्रधानांचं ‘स्नेहांकिता’ घ्या. तिथे स्वतःचं नाव पुढे आहे. नाव लावून बोलायला ज्या घरातून, ज्या शिक्षणातून बळ मिळतं ते सगळ्यांकडे सारखं नव्हतं. मी यावरून सिद्धान्त मांडत नाही, चार पुस्तकांवरून मांडू नये. पण मराठी सिनेमातल्या बायकांची आत्मचरित्रं हा एक घसघशीत संच आहे आणि कुणीतरी तुमच्यापैकी तो एकत्र वाचायला घ्यावा.

आता ‘खासगी आयुष्य’ या शब्दाचंच काय करायचं ते बघू. हा शब्द वापरला की आपण आपोआप दोन खोल्या करतो: पुढची खोली कामाची, मागची घरची. बातम्यांना मागच्या खोलीत रस. वाडकरांच्या पुस्तकात ही भिंतच नाही. त्यांना काम सोडून घर करायचं होतं. घर मात्र त्यांच्या कमाईवर चाललेलं होतं, आणि नवऱ्याला ती कमाई थांबायला नको होती. मग नवऱ्याशी भांडण ही खासगी गोष्ट की मजुरीची? चित्रपटाचा करार कुणी केला, पैसे कुणाच्या हातात पडले, हे सिनेमाच्या इतिहासाचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं स्टुडिओच्या हिशेबाच्या वहीपेक्षा या ‘घरगुती’ पानांमध्ये जास्त सापडतात. खासगी म्हणून ती पानं बाजूला ठेवणारा अभ्यासक आपलाच विदा फेकून देत असतो. आणि चटपटीत म्हणून तेवढीच पानं वाचणाराही तेच करतो.

‘संत सखू’ची आठवण इथे येणारच. सासरी छळ सोसणारी सखू पंढरपूरला निघते आणि विठ्ठल तिचं रूप घेऊन तिच्या घरी राबतो, ही कथा आपल्याकडे लहानपणापासून माहीत असते. पडद्यावर ती सखू म्हणजे हंसा वाडकर. लोकांनी त्या प्रतिमेवर माया केली. पण बाईंच्या जागी घरी राबायला कुणी विठ्ठल आला नाही. सेटवरही त्याच, घरीही त्याच. (हे माझं वाक्य आहे, पुस्तकातलं नाही. टिपणं काढताना अशी फोड करत चला, नाहीतर सहा महिन्यांनी आपलंच वाक्य लेखकाचं म्हणून उद्धृत केलं जातं.)

पुस्तकातला सर्वांत जड भाग आता. एका जमीनदाराबरोबर त्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेल्या आणि तिथे अडकल्या. त्याच्या आधीच्या दोन बायका घरात होत्या, ही तिसरी. घराबाहेर पडायची मुभा नाही. हा काळ सुमारे तीन वर्षांचा. अखेर कसाबसा निरोप बाहेर गेला, नवरा पोलीस घेऊन आला. सुटकेचे कागद करायचे होते. त्या कागदांसाठी ज्या दंडाधिकाऱ्यापुढे त्यांना नेलं, त्याने त्यांच्यावर बलात्कार केला. बाई हे सांगतात, आणि पुढे जातात.

इथे वाचक म्हणून तुम्ही जे कराल ते करा, पण संशोधक म्हणून एक प्रश्न समोर उभा राहतो. पडताळणी कशी करायची? चित्रपटसूची उघडली तर अशी वर्षं नुसती मोकळी दिसतात. मोकळी जागा बघून कुणी लिहील, ‘या काळात त्यांना काम कमी मिळालं’. सांख्यिकीत गहाळ विद्याचे प्रकार शिकवतात ते आठवा. काही मोजमापं योगायोगाने गहाळ होतात, पावसात वही भिजली वगैरे. आणि काही गहाळ होतात ती नेमकी त्यांच्या किमतीमुळेच. लोणावळ्यासारख्या ठिकाणी पर्जन्यमापक ज्या दिवशी ओसंडून वाहतो त्याच दिवशीचा आकडा हातातून निसटतो, म्हणजे सर्वांत मोठ्या पावसाची नोंदच राहत नाही. ती रिकामी जागा शून्य धरली की सगळी सरासरी खोटी पडते. वाडकरांच्या सूचीतली रिकामी जागा या दुसऱ्या जातीची. तिथे काही नव्हतं म्हणून ती रिकामी राहिली नाही; जे होतं त्यामुळेच नोंद झाली नाही.

‘मग कागद शोधा’ असं मार्गदर्शक सांगतील. चांगला सल्ला आहे, आणि त्याची ताकद बघायची तर हॉलिवूडमधलं एक उदाहरण घ्या, ज्याचा धागा मुंबईत आहे. मर्ल ओबेरॉन. ‘वदरिंग हाइट्स’ची (१९३९) नायिका, ‘द डार्क एंजल’साठी (१९३५) ऑस्करचं नामांकन. तिने आणि स्टुडिओने जगाला सांगितलं की ती ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मली. खरं तर तिचा जन्म १९११ चा, मुंबईतला, अँग्लो-इंडियन घरातला. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये मिश्र वंशाची नटी गोऱ्या नायकाची नायिका होऊच शकत नव्हती, म्हणून ही गोष्ट रचली आणि आयुष्यभर सांभाळली. १९७९ मध्ये ती गेली, त्यानंतरच्या लेखनात ते उघड झालं. मुंबईतला जन्मदाखला सापडला तेव्हा आणखी एक पदर सुटला: दाखल्यावर आई म्हणून जिचं नाव होतं, ती घरात मर्लची बहीण म्हणून वावरली होती, जिला ती आई समजत होती ती प्रत्यक्षात आजी. इथे माणसाने लपवलं आणि कागदाने सांगितलं. जन्ममृत्यू नोंदीच्या एका ओळीने स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याचं सगळं काम पाडलं. कागदाच्या बाजूने याहून चांगली साक्ष मिळणार नाही.

हीच पद्धत आता मराठवाड्यातल्या त्या प्रसंगाला लावून बघा. कागद झालाच असेल तर तो कुणाच्या सहीचा असणार? त्याच दंडाधिकाऱ्याच्या. त्यावर काय असणार? अमुक बाई, अमुक दिवशी, स्वेच्छेने पतीच्या ताब्यात. उद्या तो कागद एखाद्या अभिलेखागारात मिळाला आणि तुम्ही ‘प्राथमिक स्रोत’ म्हणून पुस्तकाच्या वर ठेवला, तर तुम्ही गुन्हेगाराच्या सहीला पीडितेच्या तोंडापेक्षा वरचा दर्जा दिलात. मर्लच्या बाबतीत नोंद करणाऱ्या कारकुनाला खोटं लिहिण्यात काही रस नव्हता. इथे नोंद करणाराच त्या गोष्टीत होता. म्हणून स्रोताची प्रतवारी त्याच्या प्रकारावरून, आत्मचरित्र की दाखला यावरून, करता येत नाही. तो तयार करणाऱ्याला तिथे काय मिळवायचं होतं किंवा झाकायचं होतं, हे दर वेळी नव्याने विचारावं लागतं. परीक्षेत मात्र पाठ केलेलंच उत्तर लिहा, मार्क त्यालाच आहेत.

आणि यानंतर ‘भूमिका’. श्याम बेनेगल, १९७७. वाडकरांच्या पुस्तकावर बेतलेला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांची, तिलाही राष्ट्रीय पुरस्कार. मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय आणि तो मला आवडतो. भूतकाळासाठी गोविंद निहलानींनी रंग उतरवत नेले आहेत, त्यामुळे स्मृती आणि सिनेमा एकाच कपड्याचे वाटतात. अमोल पालेकरांनी केलेला नवरा तर मराठी-हिंदी सिनेमातल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या माणसांपैकी एक, कारण तो खलनायकासारखा वागत नाही. मऊ बोलतो आणि बायकोच्या जिवावर जगतो.

पण अभ्यासक म्हणून माझी ‘भूमिका’शी तक्रार आहे, आणि ती साधी नाही. जमीनदाराचा वाडा सिनेमात आहे. अमरीश पुरींचा तो शांत, दरारा असलेला माणूस, बाहेर जायला मनाई, नवऱ्याचं पोलिसांसह येणं, सगळं आहे. दंडाधिकारी नाही. पोलीस येतात, बाई सुटते. म्हणजे पुस्तकात ज्या जागी कायदा स्वतः गुन्हेगार होतो, त्याच जागी सिनेमात कायदा सोडवणारा ठरतो. या एका गाळणीने अर्थ पार बदलतो. सिनेमात बाईचा कोंडमारा घर, नवरा, प्रियकर यांच्यापुरता राहतो. समस्या पुरुषांच्या स्वभावाची होते. पुस्तकात ती सरकारी टेबलापर्यंत जाते.

दिग्दर्शकाने असं का केलं असेल यावर मी अंदाज बांधणार नाही. लांबी, सेन्सॉर, कथेचा तोल, काहीही असू शकतं, आणि सिनेमाला पुस्तकाशी इमान राखायचं बंधन नसतं. त्यात नायिकेचं नावही वेगळं आहे, उषा. माझी तक्रार खरं तर आपल्यावर आहे, म्हणजे वाचणाऱ्यांवर. गेली कित्येक वर्षं हंसा वाडकरांवरचे लेख बघा, त्यांच्या आयुष्याचा सारांश म्हणून बहुतेक वेळा ‘भूमिका’ची गोष्ट दिलेली असते. उषाचं आयुष्य हंसाबाईंच्या नावावर जमा होतं. जे सिनेमात नाही ते मग ‘अज्ञात’ होतं, आणि दहा वर्षांनी कुणीतरी ते ‘उघड’ करतो. १९७० मध्ये छापलेलं, दुकानात विकलेलं, ‘सांगत्ये ऐका’ असं बजावून सांगितलेलं वाक्य रहस्य कसं होतं, त्याची ही साधी यंत्रणा आहे. तुमच्या विषयातही ती चालू असते. मूळ निबंध कुणी वाचत नाही, सगळे त्यावरचा गाजलेला आढावा वाचतात, आणि आढाव्यात जे वगळलं ते विषयातूनच नाहीसं होतं. आमच्या शाखेत एका झाडाच्या फुलोऱ्याचा महिना तीन पुस्तकांत सारखाच चुकीचा आहे, कारण तिघांनी चौथ्याचं उतरवलं.

बरं, हे तुम्हाला करून बघायचं असेल तर मावळातून फार लांब जावं लागत नाही. लोणावळ्याहून लोकलने शिवाजीनगर, तिथून लॉ कॉलेज रस्ता. १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथेच आहे, आणि जवळच प्रभातची जुनी जागा, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ‘संत सखू’ आणि ‘रामशास्त्री’चं काम त्याच आवारात झालं. संग्रहालयात चित्रपटांबरोबर जुनी नियतकालिकं, गाण्यांच्या पुस्तिका, छायाचित्रं असतात. जाताना विद्यापीठाचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकाचं पत्र बरोबर ठेवा, आणि आधी चौकशी करून जा. गाण्यांची पुस्तिका हा प्रकार मुद्दाम बघा; सिनेमा कंपनीला आपली नटी लोकांनी कशी ओळखावी असं वाटत होतं ते तिथे दिसतं. तिच्यासमोर पुस्तकातलं तेच वर्ष उघडून ठेवा. दोन्हींमध्ये जे अंतर दिसेल ते वहीत लिहा, कुठलं खरं हा निकाल लगेच लावायला जाऊ नका.

आधी पुस्तक. हातात पेन्सिल, समासात चिठ्ठी: कोण बोलतंय, कुणाला, कधी. बाई जिथे वेगाने पुढे जातात तिथे एक उभी रेघ मारा. मग आठवड्याभराने ‘भूमिका’ लावा आणि तुमच्या उभ्या रेघांपैकी किती जागा पडद्यावर आल्या ते मोजा. मी मोजलेला आकडा सांगत नाही, तुमच्या रेघा वेगळ्या असतील. पण कृपा करून क्रम उलटा करू नका. स्मिता पाटीलचा चेहरा एकदा डोळ्यांत बसला, की पुस्तकातली बाई कशी दिसत होती, कशी बोलत होती, हे ऐकू येणं फार अवघड जातं.